मारझोडीच्या घरातलं लेकरू: कसं ओळखायचं, कसं सांभाळायचं

तिसरीतल्या त्या पोरीच्या दप्तरात मराठीच्या पुस्तकाखाली एक कॅरीबॅग होती. गाठ पक्की मारलेली. आत रेशनकार्ड, आईचं आधारकार्ड, बँकेचं पासबुक आणि धाकट्या भावाचं लसीकरणाचं कार्ड. मी वह्या तपासायला दप्तर उघडलं होतं. विचारलं, "हे शाळेत कशाला आणलंस गं?" ती म्हणाली, "बाई, पप्पा म्हणले, सगळे कागद जाळून टाकतो. म्हणून मी रोज संगं आणते." ती रडली नाही. वही घरी राहिली असं सांगावं, तशा आवाजात सांगितलं.

बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी २२ वर्षं शिकवतेय. त्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले, तर आजी म्हणाली, "नवरा-बायकोचं चालायचंच. लेकरांना काय कळतंय त्यातलं?" आठ वर्षांच्या लेकराला एवढं कळलं होतं की कागद गेले तर धान्य बंद होईल, बँकेतले पैसे अडकतील, भावाची लस राहील. घरातल्या एकाही मोठ्या माणसानं एवढा विचार केला नव्हता.

मला हे लवकर दिसतं, कारण मी अशाच घरात वाढले. वडील मायला मारायला लागले की मी भावाला घेऊन कणगीमागं बसायचे, अंगावर वाकळ ओढून. त्याच्या कानात सतराचा पाढा म्हणायचे. सतराचाच, कारण तो अवघड, आणि अवघड पाढा म्हणताना बाहेरचा आवाज जरा कमी ऐकू येतो. सतरा चोक अडुसष्टपर्यंत आलं की श्वास थोडा खाली बसायचा. एखाद्या रात्री तो पाढा दहा वेळा व्हायचा. सकाळी शेजारची मावशी यायची, काही न विचारता माझ्या केसांना तेल लावून वेणी घालायची आणि उठताना म्हणायची, "तुझं काही चुकलं नाही बरं लेकरा." रोज तेच वाक्य. मी आज धड उभी आहे त्यात त्या वेणीचा वाटा मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९.३ टक्क्यांनी नवऱ्याकडून कधी ना कधी हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्या गल्लीत, तुमच्या वर्गात, तुमच्या भावकीत असं लेकरू असणारच. तुम्ही त्याचे मामा असाल, आजी असाल, शेजारी, शिक्षक किंवा अंगणवाडीताई असाल, किंवा मार खाणारी आईच असाल. हे सगळ्यांसाठी लिहितेय.

लेकराच्या आत काय होतं

मार आईला बसत असला तरी लेकराचं अंग त्याच घरात असतं. भीती वाटली की छाती धडधडते, हातपाय ताठ होतात, कान टवकारतात. कुत्रं अंगावर आलं तर हे कामाचंच. पण घरातच रोज हे व्हायला लागलं, तर अंग सैल सोडायचं कसं, हेच लेकरू विसरतं. सगळं लक्ष धोका कुठून येतो यावर लागलेलं असतं. अशा मुलाला हातच्याची बेरीज तीनदा समजावूनही शिरत नाही आणि आपण म्हणतो, "डोकं नाही." माझ्या वर्गातला एक मुलगा बापाची मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशी आली की नुसत्या आवाजावरून सांगायचा, आज पिऊन आलेत की नाही. एवढं बारीक कान लावणारं डोकं मठ्ठ कसं असेल?

वयाप्रमाणे खुणा बदलतात. तान्ह्या बाळाला भाषा कळत नाही, पण आरडाओरडा आणि आईच्या अंगाची थरथर कळते. ते दूध नीट पीत नाही, दचकून उठतं, उगी राहत नाही. तीन-चार वर्षांचं लेकरू आईचा पदर सोडत नाही, येत असलेलं बोलणं मागं पडतं, अंथरूण ओलं करायला लागतं. माझा भाऊ सहाव्या वर्षापर्यंत धड वाक्य बोलत नव्हता. लोक म्हणायचे, मुकाच निघतोय.

शाळेच्या वयात पोट दुखतं, डोकं दुखतं, आणि ते दुखणं खरं असतं. बहाणा म्हणू नका. काही पोरं मारकुटी होतात. काही एकदम शहाणी होतात: वेळेवर येतात, अक्षर नेटकं, कधी तक्रार नाही. ही शहाणी पोरं आपल्या नजरेतून सुटतात. दप्तरात रेशनकार्ड आणणारी मुलगी माझ्या वर्गातली सगळ्यात शहाणी होती, आणि मला ते कळायला तब्बल सहा महिने लागले. शिवाय या वयात लेकराला वाटतं की भांडण आपल्यामुळंच झालं. मी पाणी सांडलं म्हणून, मी वहीला पैसे मागितले म्हणून.

तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा आईच्या आणि बापाच्या मध्ये उभा राहायला लागतो, तिथं त्याला मोठी इजा होऊ शकते. नाही तर घर सोडून फिरायला लागतो. मुलगी धाकट्यांची आई होऊन बसते.

आमच्या भागात यात आणखी एक भर पडते. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि लेकरं आजीकडं किंवा हंगामी वसतिगृहात. आपल्याला वाटतं, बरं झालं, आता त्याच्या डोळ्यांसमोर मारहाण होत नाही. पण त्याच्या डोक्यात चाललेलं असतं की तिथं फडाच्या कडेच्या कोपीत मायला मारलं तर सोडवायला कोण आहे. अशा लेकराला आठवड्यातून दोनदा तरी आईचा आवाज फोनवर ऐकवा. वेळ ठरवून, त्याच वारी. एका पोराचं रात्रीचं रडणं एवढ्यानंच कमी झालेलं मी पाहिलंय.

पहिल्यांदा काय बोलायचं

खोदून विचारू नका. "काल काय झालं? कुणी मारलं? खरं सांग" असले प्रश्न म्हणजे लेकराची उलटतपासणी. बाजूला, काहीतरी हातानं करत करत बोला. शेंगा फोडताना, फळा पुसताना. मी म्हणते, "तू आज दमलेली दिसतेस. बोलावंसं वाटलं तर मी मधल्या सुट्टीत इथंच असते. नाही बोललीस तरी चालेल." मग खरंच रोज तिथं असायचं. चार दिवसांनी येईल, चार महिन्यांनी येईल.

बोललंच, तर पूर्ण ऐका. मध्ये "अगं बाई!" करून तोंडावर हात नेऊ नका, लेकरू लगेच गप्प होतं. ऐकून झाल्यावर तीन गोष्टी सांगा. "तू सांगितलंस ते बरं केलंस." "यात तुझी काहीच चूक नाही." "भांडण थांबवणं हे तुझं काम नाही, ते मोठ्यांचं काम आहे." हे एकदा सांगून भागत नाही. मावशीसारखं रोज सांगावं लागतं.

"कुणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. उद्या त्याच्या जिवावर बेतलं तर तुम्हाला सांगावंच लागेल, आणि मग त्याचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वास जाईल. म्हणा, "तुला सांभाळू शकेल अशाच माणसाला सांगीन, आणि आधी तुला सांगून."

बापाला शिव्या देऊ नका. हे आपल्याला जड जातं, मलाही जातं. पण ज्या हातानं मायला मारलं त्याच हातानं बाजारातून लेकराला जिलेबी आणलेली असते. लेकराला बापाची भीती वाटते आणि तो हवाही असतो. तुम्ही "तुझा बाप राक्षस आहे" म्हणालात, तर बापावर माया करणारा मी पण वाईटच, असं त्याला वाटतं. "पप्पांनी मारलं ते चूक आहे. मारणं नेहमी चूकच असतं," एवढं पुरे.

आणि बैठकीत, भावकीसमोर लेकराला उभं करून "तुला कुणाकडं राहायचं?" हा प्रश्न कधीच विचारू नका. माझ्या मामांनी मला विचारला होता. मी नऊ वर्षांची होते. मी "दोघांकडं" म्हणाले आणि सगळे हसले. ती बैठक मला आजही स्वप्नात दिसते.

रोजचं सांभाळणं

अशा लेकराला मोठ्या उपायांआधी ठरलेला दिवस लागतो. जेवण ठरल्या वेळी, झोप ठरल्या जागी, पुढं काय होणार हे आधी सांगितलेलं. "आता जेवू, मग भांडी घासू, मग तू माझ्याजवळ झोप." मामाच्या घरी आणून ठेवलेल्या लेकराला तर हे तासातासाला सांगा, कारण त्याच्या पायाखालची जमीनच हलली आहे. अंथरूण ओलं झालं तर बोलू नका, आणि ती वाकळ गल्लीकडच्या भिंतीवर वाळत घालू नका. मागच्या बाजूला घाला.

वर्गात मी अशा लेकराला दाराजवळ बसायचं असेल तर बसू देते. मागून येऊन पाठीवर थाप मारत नाही. छडी तर नाहीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला तशीही बंदी आहे. त्याला रोजचं एक छोटं काम देते, घंटा वाजवणं, झाडांना पाणी घालणं. आपल्यावाचून काहीतरी अडतं, आणि ते केलं की नीट होतं, हा अनुभव त्याला घरी मिळत नाही. एकदम घाबरलं, थरथरायला लागलं तर मी म्हणते, "चहा गरम आहे, फुंकर मार. हळू. अजून हळू." लांब फुंकर मारली की धडधड उतरते. "शांत हो" म्हणून कुणी शांत होत नसतं.

मारकुट्या पोराला मर्यादा घालायच्याच. "राग आला चालेल, मारलेलं चालणार नाही" हे ठाम सांगायचं, पण आवाज न चढवता. आवाज चढवला की आपणही त्याच्या घरातल्यासारखेच.

रात्रीसाठी ठरवून ठेवायचं

हे दिवसा, शांतपणी, लेकराला बरोबर घेऊन ठरवा. मध्ये पडायचं नाही, ही पहिली गोष्ट. आईला वाचवायचं असेल तर बाहेर पळून मदत बोलवायची, अंगानं मध्ये जायचं नाही. स्वयंपाकघरात लपायचं नाही, तिथं विळी, चूल, गॅस असतो. कोणत्या घरी जायचं ते एकच घर ठरवा आणि त्या घरच्या माणसालाही सांगून ठेवा की रात्री दोनला दार वाजलं तरी उघडायचं. धाकट्याला कडेवर घेऊन तिथपर्यंत एकदा चालून बघा.

११२ पोलिसांच्या मदतीसाठी, १०९८ मुलांसाठी. १०९८ मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि लेकरू स्वतः फोन करू शकतं. नाव, गाव, जवळची खूण कशी सांगायची हे बोलून घ्या. "मारुतीच्या देवळामागं, पत्र्याचं घर." आई-लेकरात एक खुणेचा शब्दही ठरवा. आई "हळद संपली" म्हणाली की पोरांनी निघायचं, असा.

कागद लेकराच्या दप्तरात नकोत. त्या मुलीच्या आईशी बोलून आम्ही ती कॅरीबॅग तिच्या एका मैत्रिणीच्या लोखंडी पेटीत ठेवली, सोबत लेकरांचे जन्मदाखले आणि थोडे पैसे. सगळ्या कागदांचे फोटो माझ्या मोबाईलवर. मुलीला तिथं नेऊन पेटीचं कुलूप दाखवलं. तिनं कुलूप दोनदा ओढून बघितलं.

आईला सोडून लेकराचं भलं होत नाही

शिक्षक, नातेवाईक इथंच चुकतात. लेकराचा कळवळा येतो आणि मग आईलाच बोलतात, "लेकरांसाठी तरी निघ," नाही तर उलट, "लेकरांसाठी तरी सहन कर." दोन्हीकडून तीच कात्रीत. निघताना आणि निघाल्यानंतरचे काही आठवडे धोका सगळ्यात जास्त असतो, म्हणून कधी निघायचं ते तिला ठरवू द्या. आपण वाट मोकळी करून ठेवायची. निघायचा दिवस लहान लेकराला आधी सांगू नका. त्याच्या तोंडून निसटलं तर जन्मभर तो दोष ते स्वतःकडं घेईल.

आई असाल तर मारहाणीनंतरची सकाळ महत्त्वाची. काही झालंच नाही असं दाखवू नका, लेकरानं ऐकलेलं असतं. "काल रात्री तू घाबरलास ना? ते चूक होतं. तुझ्यामुळं झालं नाही. मी काहीतरी करतेय." दोन मिनिटं लागतात. सगळी कहाणी, सगळं दुःख मात्र त्याच्यापुढं ओतू नका. त्यासाठी बहीण, मैत्रीण शोधा.

कायद्याचं थोडक्यात सांगते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला विचारलंत तर तालुक्याचं कोण ते कळतं. शेजारीसुद्धा त्यांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कोणतीही कारवाई होत नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज केला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि तिथून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, पण अंतरिम आदेश आधी मागता येतो. लेकराचा ताबा, खर्च, राहण्याची जागा, आणि नवऱ्यानं लेकराच्या शाळेत येऊ नये अशी मनाई, हे सगळं त्याच अर्जात मागा. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की सखी केंद्राचा, म्हणजे मार खाल्लेल्या बायकांना एकाच ठिकाणी मदत देणाऱ्या केंद्राचा, पत्ता मिळतो. आई एकटी पडली असेल तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात बालसंगोपन योजनेची चौकशी करा. लेकरासाठी दरमहा २,२५० रुपयांची मदत मिळू शकते.

शाळा बदलताना

आई माहेरी आली की लेकराची शाळा सुटते, आणि हाताशी असलेला एकमेव ठरलेला दिवस जातो. माझ्या ओळखीच्या एका बाईला एका शाळेनं सांगितलं, बापाची सही आणा, मग दाखला देऊ. ज्याच्या मारानं ती पळून आली त्याचीच सही. दोन महिने पोरगं घरी बसलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. हे कलम कागदावर लिहून घेऊन जा. पहिल्या दिवसापासून लेकराला वर्गात बसवा. आणि नव्या शाळेला लेखी द्या की लेकराला न्यायला फक्त कोण येईल.

थांबायचंच नाही, असे प्रसंग

लेकरालाच मार बसत असेल, ते मरायच्या गोष्टी करत असेल, किंवा त्याच्या अंगाशी कुणी लैंगिक चाळे करत असेल, तर "घरातली गोष्ट" म्हणून गप्प बसायचं नाही. १०९८ वर सांगा, बाल कल्याण समितीपर्यंत ते पोहोचतं. लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं गुन्हा आहे, मग तुम्ही आजी असा की शिक्षक. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत फोन आहे, आणि जिल्हा रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात. तिथं गेलं म्हणजे लेकरू वेडं ठरत नाही.

आणखी एक. "घरात रोजची कटकट, लवकर उजवून टाकू, सुटेल बिचारी" म्हणून पंधराव्या वर्षी पोरीचं लग्न लावतात. मी अशा तीन मुली माझ्या हजेरीपटावरून जाताना पाहिल्या. एक घर सुटतं आणि दुसऱ्या घरात तीच रात्र सुरू होते. गावात ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांना कळवा, तारीख ठरायच्या आधी.

सुट्ट्या

शाळा चालू असते तेव्हा रोज कुणीतरी मोठं माणूस त्या लेकराकडं बघत असतं. दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याचा दीड महिना, यात कुणीच बघत नाही, आणि बाप घरी जास्त असतो. म्हणून १ मेला निकाल वाटताना मी अशा लेकरांच्या निकालपत्रकामागं पेन्सिलनं माझा नंबर आणि १०९८ लिहिते. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना नावं सांगून ठेवते, आठवड्यातून एकदा तरी सहज म्हणून डोकावून या. स्वतः दोन चकरा मारते, पुस्तक द्यायचं निमित्त करून.

जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पहिल्या दिवशी सगळे शिक्षक विचारतात, "सुट्टीत काय मजा केली?" मी तो प्रश्न सोडून दिला आहे. मी दारात उभी राहते, एकेकाचं नाव घेते आणि चेहरा बघते. यंदा ती मुलगी चौथीत आली. मला बघून म्हणाली, "बाई, पेटी अजून तिथंच आहे. मी काल बघून आले." मग आत जाऊन खिडकीजवळ बसली.